अनध्यायाचा दिवस

आमच्या घरीं, स्वयंपाकघराच्या दाराशेजारीं, एक कागद भिंतीला लावलेला आहे. तो मीं तीन वर्षांपूर्वीं एका रविवारीं दुपारभर बसून तयार केला. पट्टीनें रेघा ओढल्या, दोन रंगांची शाई वापरली, आणि तेव्हां आठवींत असलेल्या मुलाचा व पांचवींतल्या मुलीचा सबंध दिवस, सकाळीं साडेपांचापासून रात्रीं दहापर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाच्या चौकटींत बसवून टाकला. शाळा, शिकवणी, गृहपाठ, शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा सराव, इंग्रजी वाचन, सर्व कांहीं त्यांत होतें. खेळालाही संध्याकाळचा अर्धा तास दिलेला होता. त्याच्यापुढें कंसांत 'पाऊस नसल्यास' असें लिहिलें होतें. कागद लावून झाल्यावर मी दोन पावलें मागें सरलों आणि कर्तव्यदक्ष बापाला शोभेल अशा समाधानानें त्याच्याकडे पाहत राहिलों.

त्या कागदावर एकही चौकट रिकामी नव्हती. तिच्या अभावानें आमच्या घरांत काय घडलें, आणि ती रिकामी चौकट मीं पुढें कां आंखली, हें आज आपल्याला सांगावयाचें आहे.

प्रथम थोडा हिशेब करूं. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा जो कायदा २००९ सालीं संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, त्यांत सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षांत किमान २२० दिवस व १,००० तास अध्यापन मिळावें असें सांगितलें आहे. पहिली ते पांचवीसाठीं हेच आंकडे २०० दिवस व ८०० तास असे आहेत. आतां वर्षाचे एकंदर तास होतात ८,७६०. मुलाची झोप रोज नऊ तासांची धरली, तर तिच्याकडे ३,२८५ तास जातात आणि जागेपणाचे ५,४७५ तास उरतात. त्यांतले हजार शाळेचे. म्हणजे शाळेंतील प्रत्येक तासामागें मूल जवळजवळ साडेचार तास शाळेबाहेर जागें असतें. या साडेचार तासांचें काय करावयाचें, हा प्रश्न कोणत्याही कायद्यानें सुटणारा नाहीं. तो घराचा प्रश्न आहे.

आपण सुशिक्षित घरांतील माणसें या प्रश्नाला बहुधा दोन उत्तरें देतों. एक तर त्या वेळांत दुसरी शाळा भरवितों. शिकवणीची, सरावाची, स्पर्धेची. नाहीं तर थकलेल्या मुलाच्या हातांत मोबाईल देऊन आपण सुटतों. पहिलें उत्तर दिवसा दिलें जातें, दुसरें रात्रीं. दोहोंत साम्य एकच कीं, त्यांपैकीं कशांतही आईबाप स्वतः हजर नसतात. मी स्वतः दोन्ही उत्तरें दिलेलीं आहेत, म्हणून हें मी अधिकारानें सांगूं शकतों.

त्याच वर्षीं पोळा झाल्यावर माझी माय आठ दिवसांसाठीं आमच्याकडे गोंदियाला आली. ती अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतल्या आमच्या गांवीं राहते. धानाच्या बांध्या, त्यांच्यावर एक जुना तलाव आणि तलावामागें जंगल, असें तें गांव आहे. येतांना तिनें अंबाडीची भाजी आणि वाळविलेलीं मोहफुलें आणलीं होतीं. तिची भाषा झाडीबोली. वैनगंगेच्या खोऱ्यांतील भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या भागाला जंगलामुळें झाडीपट्टी म्हणतात, आणि तेथील ही मराठी. तींत 'ण' नाहीं, 'ळ' नाहीं. पाण्याला ती 'पानी' म्हणते, डोळ्याला 'डोरा' म्हणते. माझ्या लहानपणीं माझीही भाषा तीच होती. शाळेंत आणि पुढें नागपुरास ती मीं हळूहळू पुसून टाकली, आणि ती पुसतां आली याचा मला कित्येक वर्षें अभिमान वाटत असे.

एके संध्याकाळीं माय मुलीला जवळ घेऊन गांवच्या तलावाची हकीकत सांगत होती. एका पावसाळ्यांत तलावाची पाळ फुटावयास आली, सारा गांव रात्रीं कंदील घेऊन धांवला, पोतीं टाकलीं, माती टाकली, असें कांहीं तरी तें होतें. पाळीला ती अर्थातच 'पार' म्हणत होती. मुलगी म्हणाली, "आजी, पार नाहीं, पाळ म्हणतात. पार झाडाला असतो." माय हसली आणि पुढें सांगूं लागली. दुसऱ्या दिवशीं मुलीची गणिताची चांचणी होती. मी आंतल्या खोलींतून म्हणालों, "माय, जरा हळू बोल. तिचा अभ्यास आहे."

गोष्ट तेथेंच थांबली. पोतीं टाकल्यावर पाळ टिकली कीं फुटली, हें त्या रात्रीं कोणालाच कळलें नाहीं.

सहाव्या दिवशीं सकाळीं पाहतों तों मायनें पिशवी भरून ठेवली होती. मीं कारण विचारलें. ती अगदीं सहज म्हणाली, "पोराइचा अभ्यास बुडते. मी जातो गावाले." आवाजांत राग नव्हता, असता तर मला समजूत घालतां आली असती. मी तिला गाडींत बसवून आलों आणि कार्यालयांत गेलों. संध्याकाळीं घर शांत होतें. कागदावरच्या सर्व चौकटी वेळच्या वेळीं पार पडल्या.

यानंतर दोन महिन्यांनीं, दिवाळीच्या साफसफाईंत, महाविद्यालयांत वापरलेली 'उत्तररामचरित' नाटकाची माझी जुनी प्रत कपाटांत सांपडली. भवभूति हा आम्हां गोंदियाकरांना थोडा घरचा वाटतो. आठव्या शतकाच्या आरंभींचा हा कवि आपलें मूळ गांव पद्मपुर असें सांगतो, आणि आमगांवजवळचें पदमपूर तेंच असावें, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या संशोधकांनीं मानलें आहे. प्रत हातांत घेऊन मी तेथेंच जमिनीवर बसलों आणि सहज चौथा अंक काढला.

हा अंक सुटीनें सुरू होतो. वाल्मीकीच्या आश्रमांत वसिष्ठ, अरुंधती, जनक आणि रामाची आई कौसल्या अशीं थोर मंडळी आलेलीं आहेत, म्हणून शिष्यांना त्या दिवशीं पाठ नाहीं. दोन बटु आपसांत बोलत आहेत, आणि त्यांतल्या एकाला पाहुण्यांपेक्षां त्यांच्या येण्यानें मिळालेल्या सुटीचा आनंद अधिक झाला आहे. आंत मुलांचा गलका चालला आहे. त्या खेळणाऱ्या पोरांत एक मुलगा कौसल्येच्या नजरेस पडतो. त्याचा चेहरा पाहून तिला आपल्या रामाचें बालपण आठवतें. ती त्याला बोलावून घेते, मांडीवर बसविते. तो लव आहे, तिचा नातू. पण हें तिलाही ठाऊक नाहीं आणि त्यालाही नाहीं. रामायणांतल्या त्या दुभंगलेल्या कुटुंबांतील आजी व नातू यांची पहिली भेट भवभूतीनें अशा दिवशीं घडविली आहे कीं, ज्या दिवशीं आश्रमांतला अभ्यास बंद होता.

या सुटीला जुना शब्द आहे अनध्याय. अध्ययन न करण्याचा दिवस. आपल्या पूर्वजांनीं पाठांतरावर केवढा भर दिला हें आपण नेहमीं ऐकतों; पण तें कधीं थांबवावें याचेही त्यांनीं तितक्याच काटेकोरपणें नियम केले होते, हें सहसा कोणी सांगत नाहीं. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे ठरलेले अनध्याय. याशिवाय प्रसंगानें येणारे निराळे. याज्ञवल्क्यस्मृतींत अशा तात्कालिक अनध्यायांची संख्या सदतीस दिली आहे. त्यांत घरीं शिष्ट म्हणजे थोर मनुष्य आला असतां अध्ययन थांबवावें, असाही एक आहे. भवभूतीच्या बटूंना मिळालेली सुटी ती हीच.

हें वाचून मला जें वाटलें तें सांगतों. माझ्या घरीं शिष्ट मनुष्य आला होता. त्या मनुष्यानें अनध्यायाची वाट पाहिली, तो मिळाला नाहीं, आणि अभ्यासाला आपला अडथळा नको म्हणून तो दोन दिवस आधीं निघून गेला.

दुसऱ्याच दिवशीं मुलांना घेऊन मी गांवीं निघालों. गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणारी गाडी, एके काळची ही अरुंद रुळांची वाट, सौंदडवरून अर्जुनीकडे जाते. दोन्ही बाजूंना धान पिवळें झालें होतें आणि कोठें कोठें कापणी लागली होती. दिवाळीनंतर आमच्याकडे गांवोगांव मंडई भरते, दंडार होते. रात्रीं नाटक होतें. त्यामुळें माणसें उत्साहांत होतीं. माय अंगणांत धान वाळवीत होती. आम्हांला पाहून तिनें पहिला प्रश्न विचारला तो हा कीं, शाळेला सुटी आहे कीं अभ्यास बुडवून आलां?

संध्याकाळीं आम्हीं तिला तलावावर घेऊन गेलों, किंवा तिनें आम्हांला नेलें असें म्हणूं. येथें या तलावांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. भंडारा-गोंदिया या मुलखांत असे जुने तलाव ठिकठिकाणीं आहेत. ते बांधण्यांत कोहळी समाजाचा हात मोठा. नवेगांव-बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं बांधला असें सांगतात. भोंवतालच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि तलाव बांधणारा कोलू तेथें कोलासुर या नांवानें देव होऊन बसला आहे. मालगुजारीच्या काळीं हे तलाव मालगुजारांकडे होते. १९५१ सालीं ती पद्धति संपली, आणि 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन सरकारी कागदांत त्यांना 'मामा तलाव' असें नांव पडलें. माझ्या मुलांना तोंवर वाटत होतें कीं, हे तलाव कोणा मामांचे आहेत.

पावसाळा नुकताच संपल्यामुळें तलाव कांठोकांठ भरला होता. आम्ही पाळीवर उभे होतों. मुलानें एका बाजूला पाणी पाहिलें, दुसऱ्या बाजूला खालीं पसरलेल्या बांध्या पाहिल्या, आणि विचारलें कीं, ही पाळ भिंतीसारखी सरळ कां नाहीं? माथ्याला इतकी अरुंद आणि पायथ्याला एवढी रुंद बांधून माती फुकट कां घालविली?

माय म्हणाली, "खालचा पानी जास्त जोर करते ना, बापा."

तो गप्प झाला. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, हें तर पुस्तकांत आहे!" द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो, हें वाक्य तो घडाघडा म्हणत असे. एक मीटर खोलीवर पाण्याचा जो दाब असतो त्याच्या दुप्पट दोन मीटरवर असतो, हेंही त्यानें सोडवून दाखविलें असतें. परंतु त्या वाक्याचा आणि आपल्या गांवच्या मातीचा कांहीं संबंध आहे, ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. खालीं जोर अधिक म्हणून खालीं माती अधिक, इतकें सरळ तें होतें. तें समजल्यावर त्यानें आपण होऊन पाळीचा माथा पावलांनीं मोजला, चार भरला. पायथा अंदाजानें वीस पावलें आणि उंची तीन पावलें धरली. माथा व पायथा यांची बेरीज चोवीस, तिची निमपट बारा, गुणिले तीन, बरोबर छत्तीस. समलंब चौकोनाचें क्षेत्रफळ. याच सूत्रासाठीं मीं त्याला गेल्या उन्हाळ्यांत सलग चार दिवस बसवून ठेवलें होतें.

भवभूतीच्या त्याच अंकांत पुढें एक गंमतीचा प्रसंग आहे. अनध्यायाच्या त्या दिवशीं आश्रमाजवळ अश्वमेधाचा घोडा येतो. बटु धांवत येऊन लवाला सांगतात कीं, घोडा घोडा म्हणतात तें जनावर आज आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें! त्याला मागें शेंपूट आहे, तें तो हालवितो, मान लांब आहे, खूर चार आहेत, तो गवत खातो. अश्व हा शब्द त्यांनीं ग्रंथांत वाचलेला आहे, पाठ केलेला आहे. प्राणी मात्र आजच पाहिला. आणि तो पाहावयास लवालाही ते हात धरून ओढून नेतात. प्रेक्षक या प्रसंगाला हसतात. मीही पूर्वीं हसलों होतों. पाळीवर उभ्या असलेल्या माझ्या मुलाचा चेहरा पाहून मला त्या बटूंची आठवण झाली.

त्या रात्रीं अंगणांत मुलीनें आजीला विचारलें कीं, त्या वर्षीं पार फुटली का? तिनें 'पार' असेंच म्हटलें. माय क्षणभर थांबली, तिच्याकडे पाहिलें, आणि मग पहिल्यापासून सारी हकीकत सांगितली. पाळ टिकली होती.

श्रोतेहो, येथें मी थांबलों तर ही एक सोयीस्कर गोष्ट होईल. म्हणून खरें तें सांगतों. मुलाचे त्या वर्षींचे गुण वाढले नाहींत. मुलीला शिष्यवृत्ति मिळाली नाहीं. एका संध्याकाळीं तलावावर गेल्यानें परीक्षा साधते असें कोणी सांगूं लागल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. पाठांतर, सराव, शिस्त यांना दुसरा उपाय नाहीं, आणि शिकविणाऱ्या शिक्षकाचें ऋण मोठें आहे. माझें म्हणणें निराळें आहे. शिकलेली गोष्ट मनांत मुरण्यासाठीं, आणि ती आपल्या जगण्याशीं जोडली जाण्यासाठीं, मधें रिकामा वेळ लागतो. तो नसला तर ज्ञान वहींत राहतें.

याला शास्त्राचाही आधार आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानें स्वतःवर दीर्घकाळ प्रयोग करून १८८५ सालीं स्मरणाविषयीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून त्या किती काळानें विसरल्या जातात हें त्यानें मोजलें. तितकीच आवृत्ति एका बैठकींत उरकण्यापेक्षां मधें अंतर ठेवून अनेक दिवसांवर वांटली तर ती अधिक टिकते, असें त्याला आढळलें, आणि पुढील संशोधनानें तें दृढच झालें आहे. झोपेंत मेंदू दिवसाच्या आठवणी पक्क्या करीत असतो, हेंही आतां सर्वमान्य आहे. आठवड्याची, पंधरवड्याची ठरीव सुटी पाळणाऱ्या जुन्या गुरूंना या प्रयोगांची माहिती नव्हती. मुलांची मात्र होती. आणि पश्चिमेकडे पाहिलें, तरी शाळेला आपण जो 'स्कूल' हा शब्द लावतों त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ फुरसत असाच आहे. फुरसतींत माणसें ज्याची चर्चा करीत, तें पुढें विद्या ठरलें, आणि जेथें करीत तें स्थान शाळा झालें.

मग फुरसत म्हणजे आळस का? हा आक्षेप माझ्या मित्रांनीं घेतला, आणि तो योग्य आहे. आळसांत मन कोठेंच नसतें. फुरसतींत तें आपल्या आवडीच्या ठिकाणीं असतें. मोबाईलवरचीं चित्रें एकामागून एक सरकवीत तासभर बसणें, हें या दृष्टीनें फुरसतींत मोडत नाहीं. कारण तेथें पुढें काय पाहावयाचें हें मूल ठरवीत नाहीं, दुसरा कोणी ठरवितो. तीही एक प्रकारची भरलेलीच चौकट. आणि हें सांगतांना मला माझाही मोबाईल खिशांत ठेवावा लागतो, जें या सर्व प्रकरणांतलें सर्वांत अवघड काम आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फुरसत ही सुस्थितींतल्या घरांची चैन नव्हे काय? आमच्याच जिल्ह्यांत उन्हाळ्याची सुटी लागते तेव्हां तेंदूपानांचा हंगाम असतो, आणि पहाटे जंगलांत जाणाऱ्या आईबापांबरोबर कित्येक मुलें पानें तोडावयास व पुडके बांधावयास जातात. त्या मुलांची सुटी म्हणजे मजुरी. संयुक्त राष्ट्रांनीं १९८९ सालीं बालकांच्या हक्कांचा जो करार केला आणि भारतानें १९९२ मध्यें जो स्वीकारला, त्याच्या ३१ व्या कलमांत विश्रांति, फुरसत व खेळ हा प्रत्येक बालकाचा हक्क म्हटला आहे. ज्या मुलांना तो परिस्थितीमुळें मिळत नाहीं त्यांची गोष्ट वेगळी आणि तिची जबाबदारी समाजावर आहे. परंतु आपल्या मुलांपासून तो काढून घेणारे आपणच असूं, तर दोष कोणाला द्यावयाचा? उलट, कामांतूनही शिक्षण कसें साधतें हें महाराष्ट्रानें पाहिलेलें आहे. ठाण्याच्या आदिवासी भागांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं, गुरें राखणारीं मुलें शाळेंत येत नाहींत असें पाहून, शाळाच कुरणावर नेली आणि तिला कुरणशाळा हें नांव दिलें. तेथें गुरें चरत आणि मुलें शिकत. शिकणें हें चार भिंतींचें व घंटेचें बांधील नाहीं, हें त्या दोघींना पुरतें उमगलें होतें.

आमच्या जिल्ह्यांत आणखी एक शिक्षक आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाहीं. तो सारस पक्षी. उडणाऱ्या पक्ष्यांत हा जगांत सर्वांत उंच, आणि महाराष्ट्रांत आतां तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यांतच उरला आहे. परसवाडा, झिलमिली या बाजूच्या तलावांवर व धानाच्या बांध्यांत तो दिसतो. पावसाळ्यांत तो पाण्यांत गवताचें मोठें घरटें रचतो. मादी बहुधा दोन अंडीं घालते, आणि नर व मादी आळीपाळीनें सुमारें महिनाभर तीं उबवितात. आपल्या बांधींत घरटें दिसल्यास तेवढी जागा न कापतां सोडणारे शेतकरी येथें आहेत. त्यांचा माझ्या मुलांना फार अभिमान वाटतो. गेल्या वर्षीं एका पहाटे आम्हीं एक जोडी पाहिली. तिच्याबरोबर एक पिल्लू होतें. तिघें चिखलांतून चालत होतीं. आईबाप चोंच चिखलांत घालीत, थोडें चालत, थांबत. पिल्लू त्यांच्यामागें तेंच करी. घाई कोणालाच नव्हती. पिल्लाला उडतां येण्यास तीन महिने लागतात, आणि त्यानंतरही कित्येक महिने तें आईबापांबरोबर राहतें. आम्ही अर्धा तास धुऱ्यावर उभे होतों आणि चौघांपैकीं कोणीही एक शब्द बोललें नाहीं. परततांना पत्नी म्हणाली, "किती दिवसांनीं आपण एकत्र उभे राहिलों." त्या सकाळीं मुलांनीं काय शिकलें हें मला सांगतां येणार नाहीं. मी काय शिकलों तें पत्नीच्या त्या वाक्यांत आहे.

आतां आमच्या घरीं काय चालतें, तें थोडक्यांत सांगतों. भिंतीवरचा कागद काढलेला नाहीं, शिस्त हवीच. परंतु त्यांत रविवारची दुपारनंतरची जागा कोरी ठेवली आहे. त्या वेळेंत मुलांनीं काय करावें हें आम्ही सांगत नाहीं. त्यांनीं विचारल्यास मात्र आम्ही मोकळे असतों. आरंभीं दोन-तीन रविवार तीं कंटाळलीं, आणि मीही अस्वस्थ झालों. मग मुलानें जुना पंखा खोलला. तो त्याला जोडतां आला नाहीं, पण पंख्याच्या पोटांत काय असतें तें आम्हां दोघांनाही कळलें. दुसरी गोष्ट, रात्रीचें जेवण चौघांनीं एकत्र घ्यावयाचें, आणि त्या वेळीं गुणांचा विषय काढावयाचा नाहीं. या एका नियमानें पहिल्या आठवड्यांत आमच्याजवळ बोलावयास कांहींच उरलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. विषय हळूहळू सांपडत गेले. तिसरी गोष्ट याज्ञवल्क्याची. घरीं वडील माणूस आलें म्हणजे अनध्याय. मग दुसऱ्या दिवशीं कोणतीही चांचणी असो.

मुलगी त्या दिवाळीपासून एक वही ठेवूं लागली आहे. तींत डाव्या बाजूला आजीचा शब्द आणि उजव्या बाजूला पुस्तकांतला. पार, पाळ. डोरा, डोळा. आमच्याच जिल्ह्यांत, नवेगांव-बांधच्या जंगलांत वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनीं लोकांच्या तोंडचीं पक्ष्यांचीं व झाडांचीं नांवें अशींच आयुष्यभर गोळा केलीं, हें मीं तिला सांगितलें तेव्हां तिला आपल्या वहीचें मोल अधिक वाटूं लागलें. हें काम कोणत्याही परीक्षेला लागत नाहीं. तरी गेल्या पावसाळ्यापासून त्या वहीकडे पाहण्याची माझी दृष्टि बदलली आहे. मायचें वय झालें. तिला माणसें आठवतात, पण शब्द सुटूं लागले आहेत. परवा अंगणांतल्या एका वेलीचें नांव तिला आठवेना. ती हात हालवीत राहिली. मुलगी आंतून वही घेऊन आली, पान काढलें आणि नांव वाचून दाखविलें. माय म्हणाली, "हो ना, हेच." आणि हसली.

तें नांव तिनेंच मुलीला दिलें होतें, एका कोऱ्या दुपारीं. त्याच दुपारीं मीं शिकवणी ठेवली असती, तर तें आज आमच्या घरांत कोणाजवळच नसतें.

आपल्या घरींही असा एखादा कागद भिंतीवर असेल. तो फाडूं नका. त्यांत एक चौकट मोकळी करा, आणि त्या वेळीं घरीं थांबा.